ट्रॅक्टरला गाणी आहेत, ड्रायव्हरला लायसन आहे काय?



हंगाम सुरू झाला की मुदाळ तिट्ट्यावर दिवस मावळताना जरा उभे राहून पाहावे. गारगोटीकडून, राधानगरीकडून, निढोरीकडून उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर छपराएवढा ऊस, त्यावर दोर आवळलेले. ट्रॅक्टरच्या टपावर दिव्यांच्या माळा, आणि गाण्यांचा आवाज असा की अर्धा मैल आधी कळावे. लिंबू-मिरची आहे, देवाचा फोटो आहे, मालकाच्या पोरांची नावे रंगवलेली आहेत. सगळे काही आहे. फक्त स्टिअरिंगवर बसलेल्या गड्याच्या खिशात त्या गाडीचे लायसन आहे की नाही, एवढे कोणी विचारत नाही.

विचारले तर उत्तर ठरलेले असते. "अवो, पोरगं लहानपणापासनं ट्रॅक्टर चालवतंय. चिखलातनं, बांधावरनं, कुठनंबी काढतंय. लायसन काय नांगराला जुपायचं हाय?" हे उत्तर देणारा माणूस खोटे बोलत नसतो. आपल्या भुदरगड तालुक्यातल्या पोरांचे हात स्टिअरिंगवर चांगलेच बसलेले आहेत. पाटगाव-कडगावच्या बाजूला ज्या चढउतारावरून ही पोरे भरल्या ट्रॉल्या खाली आणतात, तिथे शहरातला ड्रायव्हर आणून उभा केला तर तो चावी टाकून घरी जाईल. पण चालवता येणे ही एक गोष्ट आणि चालवायचा अधिकार असणे ही दुसरी. सातबारावर नाव नसताना जमीन कसणाऱ्याची जी अवस्था होते, तीच बिनलायसन ड्रायव्हरची आणि त्याच्या मालकाची. सगळे सुरळीत आहे तोवर कोणी विचारत नाही आणि तंटा उभा राहिला की पहिला प्रश्न तोच येतो.

म्हणून या अंकात दराबद्दल, उताऱ्याबद्दल न लिहिता लायसनबद्दल लिहितो आहे. संपादक मंडळींनी जागा दिली, त्यांचे आभार.

पहिल्यांदा कायदा काय म्हणतो ते सरळ भाषेत पाहू. १९३९ सालचा जुना मोटार कायदा जाऊन १९८८ चा मोटार वाहन कायदा आला आणि १ जुलै १९८९ पासून तो लागू आहे. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली. या कायद्याने वाहनांचे दोन भाग पाडले, एक घरगुती वापराचे आणि दुसरे वाहतुकीचे. मोटारसायकल, जीप, स्वतःची चारचाकी यांना साधे लायसन पुरते आणि ते अठरा वर्षे पुरी झाली की निघते. वाहतुकीचे वाहन म्हणजे ट्रक, टेम्पो, बस. त्याला लायसनवर वेगळी नोंद लागते आणि वय वीस पुरे लागते. शिवाय साधे हलक्या वाहनाचे लायसन हातात येऊन एक वर्ष झाल्याखेरीज वाहतूक वाहनाचे शिकाऊ लायसनसुद्धा मिळत नाही. म्हणजे आज अठराव्या वर्षी साधे लायसन काढणाऱ्या पोराला ट्रकच्या लायसनसाठी विसाव्या वर्षापर्यंत थांबायचे आहे आणि एकविसाव्या वर्षी जागा होणाऱ्याला बावीस उजाडणार. जो बाप पोराला ट्रकवर घालायचे म्हणतो, त्याने हे गणित आधीच करून ठेवावे.

वाहतुकीच्या नोंदीसाठी डॉक्टरचा दाखला लागतो, त्याचा नमुना ठरलेला आहे. पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरपाटी वाचता येते का, तांबडा आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, हे डॉक्टरने पाहून सही करायची असते. त्याशिवाय मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला लागतो. नियमात तर असे आहे की वाहतूक वाहनाचे शिक्षण तीस दिवसांपेक्षा कमी नसावे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे पंधरा तासांपेक्षा कमी नसावे. शिकाऊ लायसन मिळाले की तीस दिवस थांबावे लागते, मग चाचणी. शिकाऊ लायसनची मुदत सहा महिने. पक्के लायसन मिळाल्यावर वाहतुकीची नोंद पाच वर्षे चालते. पूर्वी ती तीन वर्षांची होती, २०१९ च्या दुरुस्तीने पाच झाली. बॅज मागतात काय, असे काहीजण विचारतात. तो प्रवासी गाडीच्या ड्रायव्हरला. ऊस काही तिकीट काढून बसत नाही.

शाळेची अट काय, हा प्रश्न आपल्याकडे फार विचारला जातो. २००७ साली केंद्र सरकारने वाहतूक वाहनाच्या लायसनला आठवी पासची अट घातली होती. ती २०१९ मध्ये काढून टाकली. आपल्या बाजूची कितीतरी माणसे पाचवी-सहावीत शाळा सोडून गुराढोरांमागे गेली आणि पुढे उत्तम ड्रायव्हर झाली, त्यांना या अटीने बारा वर्षे दाराबाहेर ठेवले. आठवीचा दाखला मिळवण्यासाठी काय काय उद्योग झाले ते सर्वांना ठाऊक आहे. अट गेली हे बरे झाले असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रेक कुठे दाबायचा हे पुस्तकात शिकून कोणाला आलेले नाही. मात्र अट गेल्यावरसुद्धा "मी आठवी नापास, मला कोण देतंय लायसन" असे म्हणून बसलेले गडी अजून वाड्यावस्त्यांवर आहेत. त्यांच्यापर्यंत ही बातमी कोणी नेलीच नाही. वाचणाऱ्यांनी ती न्यावी.

हे झाले ट्रकचे, तिथे काही शंका नाही. आपल्या कामाचा खरा तिढा ट्रॅक्टरचा आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेतीच्या ट्रॅक्टरची व्याख्या आहे आणि तिथे स्पष्ट लिहिले आहे की शेतीचा ट्रॅक्टर हे वाहतुकीचे वाहन नव्हे. तुमच्या रानातला ऊस तुमच्या ट्रॅक्टरने तुम्ही कारखान्यावर नेला, तर साध्या लायसनवर ट्रॅक्टर चालवायला हरकत नाही. पण कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार केला, उचल घेतली, आणि हंगामभर गावोगावचा ऊस टनावर भाडे घेऊन ओढला, तर ते काम शेतीचे की धंद्याचे? आपण म्हणतो, उसाचेच तर काम आहे. विमा कंपनीचा वकील म्हणतो, भाडे घेतले म्हणजे धंदा.

हा वाद न्यायालयात पुष्कळदा गेला. २००१ साली कर्नाटकातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ट्रॅक्टर चालवण्याचे वैध लायसन असेल, तर मागे माल भरलेली ट्रॉली जोडली एवढ्यावरून ते लायसन निकामी होत नाही. पुढे २०१७ साली तीन न्यायमूर्तींनी आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असा निकाल दिला की साडेसात हजार किलोच्या आतल्या वाहनाला हलक्या वाहनाचे लायसन पुरते, वाहतुकीची वेगळी नोंद लागत नाही. हा निकाल टेम्पो, छोटा हत्ती, पिकअप चालवणाऱ्या हजारो पोरांना मोठा दिलासा आहे. पण आपल्यातल्या काहींनी त्याचा अर्थ असा लावला की आता कुठल्याच गाडीला काही लागत नाही. तसे अजिबात नाही. सहाचाकी ट्रकसुद्धा भरला की साडेसात टनांच्या कितीतरी वर जातो, दहाचाकीचे तर बोलायलाच नको. ट्रॅक्टरचे म्हणाल तर कायद्यात त्याचे रिकामे वजन धरले आहे आणि ते साडेसात टनांच्या खूप आत असते. पण मागच्या दोन ट्रॉल्यांत कारखान्याच्या काट्यावर किती टन उतरतात हे तुम्ही-आम्ही रोज स्लिपवर वाचतो. ही जोडगाडी भाड्याने चालली असताना अपघात झाला, तर समोरचा वकील एवढे टनेज हातात घेऊन उभा राहणार, आणि आपली बाजू बरोबर की चूक हे ठरेपर्यंत वर्षे जाणार. ज्याला हंगामभर भाड्याने ऊस ओढायचा आहे त्याने ड्रायव्हरच्या लायसनवर वाहतुकीची नोंद करून घ्यावी. वकिलाच्या एका तारखेच्या खर्चात ती होते.

खर्चाचे म्हणाल तर २०१६ च्या डिसेंबरात लागू झालेल्या दरपत्रकात शिकाऊ लायसनला दीडशे, चाचणीला तीनशे, आणि असलेल्या लायसनवर नवा वर्ग चढवायला पाचशे रुपये आहेत. वरचे किरकोळ आकार आणि ड्रायव्हिंग स्कूलची फी वेगळी. ट्रॅक्टरच्या टपावरच्या नुसत्या दिव्यांच्या माळेला किती लागले ते मालकाने आठवावे.

आता पैशाचा दुसरा हिशोब सांगतो. तो जरा लक्ष देऊन वाचावा, कारण अपघाताचा दावा कसा मोजतात हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणात आकडा अंदाजाने काढत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांनी त्याचे कोष्टक घालून दिले आहे. समजा, रात्री रस्त्याकडेला उभ्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकली आणि तीस वर्षांचा, महिना पंधरा हजार कमावणारा माणूस गेला. घरी बायको, दोन मुले, आईवडील. वर्षाची कमाई १,८०,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून चाळीस टक्के मिळवायचे, झाले २,५२,०००. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा हिस्सा वजा, राहिले १,८९,०००. तीस वर्षे वयाला गुणक १७. गुणाकार केला तर ३२,१३,००० रुपये. यावर क्रियाकर्म वगैरेचे सत्तर हजारांच्या वर, आणि व्याज वेगळे. धडक देणाऱ्याचीही चूक निघाली तर काही भाग कमी होईल, पण दाव्याची मोजणी इथून सुरू होते.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला जाहीर केलेली एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे. बत्तीस लाख म्हणजे नऊशे टनांवर ऊस झाला. एकरी चाळीस टन धरले तर बावीस-तेवीस एकरांचे एका वर्षाचे सगळे पीक, तोडणी-वाहतूक न कापता, खताची, पाण्याची, सोसायटीची एक पैही न देता. भुदरगडात बावीस एकर ऊस असलेले किती सभासद आहेत ते ज्याचे त्याने मोजावे. आपल्याकडे गुंठ्यांत हिशोब चालतो.

"विमा हाय की वो!" असे कोणी म्हणेल. विमा आहे, पण लायसन नसेल तर काय होते ते ऐका. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत जी दिशा दिली तिचा मथितार्थ असा की मेलेल्या माणसाच्या घरच्यांना ताटकळत ठेवू नये, विमा कंपनीने त्यांचे पैसे आधी भरावेत. मात्र ड्रायव्हरकडे योग्य लायसन नव्हते आणि त्यात मालकाचा हलगर्जीपणा होता असे सिद्ध झाले, तर कंपनीने ते पैसे मालकाकडून वसूल करावेत. वसुलीही कशी, तर कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. म्हणजे तलाठी दारात. ज्या ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा आहे, ज्या जमिनीवर सोसायटीचा बोजा आहे, त्यावर हा तिसरा बोजा चढतो.

इथे एक दिलाशाची गोष्ट सांगितली पाहिजे. न्यायालयाने मालकावर अशक्य ओझे टाकलेले नाही. २००३ च्या एका निकालात म्हटले आहे की मालकाने ड्रायव्हर ठेवताना त्याचे लायसन पाहिले, ते वरकरणी बरोबर दिसले, आणि त्याला गाडी चालवायला लावून हात पाहिला, तर मालकाचे कर्तव्य पुरे झाले. पुढे ते लायसन बनावट निघाले तरी मालकावर दोष येत नाही. म्हणजे मालकाने करायचे ते एवढेच, की लायसन मागायचे, तारीख पाहायची, वाहनाचा वर्ग पाहायचा, आणि एक नक्कल घरात ठेवायची. बीडकडून, अहिल्यानगरकडून टोळीबरोबर आलेल्या ड्रायव्हरचे लायसन तिकडच्या कार्यालयाचे असेल, त्याने बिघडत नाही. एका ठिकाणचे लायसन साऱ्या देशात चालते. फक्त मुकादमाच्या तोंडच्या "हाय, हाय" वर विसंबू नये.

तारीख पाहायची असे म्हणालो, त्याचेही कारण आहे. पूर्वी लायसन संपल्यावर तीस दिवसांची सवलत असे. २०१९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आज मुदत संपली की उद्या सकाळपासून तो ड्रायव्हर बिनलायसन धरला जातो. मुदत संपायच्या आधी वर्षभर केव्हाही नूतनीकरण करता येते. संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. पाच वर्षांपूर्वी काढलेले लायसन नेमके ऐन हंगामात संपते आणि गडी म्हणतो, पट्टा पडल्यावर बघू. पट्टा पडेपर्यंतचे चार महिने कोणाच्या जिवावर?

विमा पॉलिसीतला वापराचा रकाना हाही पाहून घ्यावा. पुष्कळ ट्रॅक्टरांचा विमा "शेती उपयोग" म्हणून काढलेला असतो, कारण हप्ता कमी पडतो. लायसन बरोबर असून वापर चुकीचा निघाला तरी कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. लायसन आणि पॉलिसी हे बैलजोडीसारखे आहे, एक लंगडा असला की दुसऱ्याचा उपयोग नाही.

आता एका नाजूक गोष्टीवर लिहितो. त्यावर काही मंडळी रागावतील, रागवू देत. आपल्याकडे सोळा-सतरा वर्षांची पोरे ट्रॅक्टर घेऊन डांबरीवर येतात. शेतात बापाच्या नजरेखाली फणपाळी करणे निराळे आणि रात्री भरल्या ट्रॉल्या घेऊन कारखान्याची वाट धरणे निराळे. बापाला कौतुक असते. "आमचा बारका आत्ताच डबल ट्रॉली मागं घेतोय" हे पारावर अभिमानाने सांगितले जाते. २०१९ च्या दुरुस्तीत यासाठी नवीनच कलम आले आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे होईपर्यंत लायसन नाही. म्हणजे ज्या पोराला ड्रायव्हर करायचे म्हणून आपण लवकर स्टिअरिंगवर बसवले, त्याचीच कमावण्याची पहिली सात वर्षे बुडाली. मोठ्या माणसाने बिनलायसन चालवली तर ड्रायव्हरला पाच हजारांपर्यंत दंड, तेवढाच मालकाला, शिवाय दोघांनाही तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. दंडाच्या भीतीने सांगतो असे नाही, दंड काय आपण भरतो. पण पोराच्या पुढच्या आयुष्याचे दार बापाने स्वतःच्या हाताने लावू नये.

इतके कायद्याचे सांगितल्यावर हेही म्हटले पाहिजे की लायसन असले म्हणजे सगळे झाले असे नाही. लायसनची चाचणी होते ती रिकाम्या गाडीवर, दिवसा, सपाट मैदानात. दोन भरल्या ट्रॉल्या, उतार, समोरून येणारी एसटी आणि पहाटेचे धुके यांची परीक्षा कोणी घेत नाही. चढावर गाडी थांबली की चाकाला दगड लावायचा आणि गाडी निघाली की दगड तिथेच टाकून जायचे, ही आपल्या रस्त्यांवरची जुनी खोड आहे. मागून येणारा मोटारसायकलवाला त्या दगडावर आपटतो. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसतो किंवा उसाच्या वाढ्यांनी तो झाकलेला असतो. गाण्याच्या आवाजात मागचा हॉर्न ऐकू येत नाही. डॉक्टर दाखल्यावर लिहून देतो की ड्रायव्हरला हॉर्न ऐकू येतो, आणि आपण हजारो रुपये घालून तो ऐकू येणार नाही अशी व्यवस्था करतो!

आणि झोप. याबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून मी जरा जास्त बोलतो. गाडी यार्डात लागली की नंबर येईपर्यंत कधी कधी रात्रच्या रात्र जाते. ड्रायव्हर ट्रॉलीखाली पोत्यावर पडतो, पुढची गाडी सरकली की उठून आपली सरकवतो, पुन्हा पडतो. त्याला झोप म्हणत नाहीत. काटा झाला, गव्हाणीवर ऊस टाकला, रिकाम्या गाडीचा काटा झाला की लगेच पुढच्या खेपेला पळायचे, कारण तोडलेला ऊस रानात वाळतो आहे आणि पुष्कळ ठिकाणी पैसे खेपेवर आहेत. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालचा कायदा होता, त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम असे घातले होते. पाचाहून कमी माणसे कामावर असणाऱ्याला तो लागू होत नव्हता, म्हणजे एक-दोन ट्रॅक्टरांचा आपला वाहतूकदार त्यातून सुटत असे. पण ड्रायव्हरचे डोळे मालकाच्या ट्रॅक्टरांची संख्या मोजून मिटत नाहीत. आठ तासांचा नियम चार माणसांनी बसून माणसाच्या शरीराकडे बघून केला, तो दोन ट्रॅक्टरांच्या गड्यालाही तेवढाच खरा आहे.

म्हणून हा विषय नुसता वाहनमालकाचा नव्हे. ज्याच्याकडे ट्रॅक्टर नाही असा सभासद म्हणेल, मला काय त्याचे? त्याला दोन गोष्टी सांगतो. एक, तोडणी-वाहतुकीचा खर्च तुमच्या बिलातून कापला जातो. ज्या गाडीचे भाडे तुम्ही देता तिचा ड्रायव्हर कोण, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. आणि दुसरे, तुमची पोरे त्याच रस्त्याने सायकलवरून गारगोटीला हायस्कूल-कॉलेजला जातात.

आता कारखान्याने काय करावे यावर माझे मत लिहितो. मी संचालक नव्हे, साधा ऊस उत्पादक आहे, तेव्हा हे मत म्हणूनच घ्यावे. करार करताना शेती खाते वाहनाचा नंबर, आरसी बुक, विमा, जामीनदार, कोरे चेक हे सगळे घेते. उचलीचा पैसा बुडू नये म्हणून जेवढी काळजी घेतली जाते तेवढी ड्रायव्हरच्या बाबतीत घेतली जात नाही. करारपत्रातच ड्रायव्हरचे नाव, लायसन नंबर, वर्ग आणि मुदत असा रकाना असावा, आणि ड्रायव्हर बदलला तर गट ऑफिसला कळवायची अट असावी. लायसन खरे आहे का हे आता सरकारी संकेतस्थळावर नंबर आणि जन्मतारीख टाकली की दोन मिनिटांत दिसते. चिटबॉयच्या हातात मोबाईल आहेच.

यावर हरकत येईल ती ठाऊक आहे. "आधीच वाहनं मिळत न्हाईत, त्यात आणि अटी घातल्या तर गाड्या शेजारच्या कारखान्याला जातील." हरकत खोटी नाही. शेजारी कारखाना काही विचारत नसेल तर आपला वाहतूकदार तिकडे वळू शकतो. म्हणून नुसती अट घालून चालणार नाही, लायसन काढून देण्याची सोयही आपणच केली पाहिजे. गारगोटीहून कोल्हापूरचे प्रादेशिक परिवहन कार्यालय पन्नासएक किलोमीटर. एका कामाला दोन-तीन हेलपाटे पडले की गड्याची तितकी रोजंदारी बुडते, आणि मग एजंट गाठला जातो. परिवहन खात्याची शिबिरे तालुक्याच्या ठिकाणी भरत असतात. कारखान्याने रीतसर पत्र देऊन पावसाळ्यात, काम नसताना, फक्त ऊस वाहतुकीच्या ड्रायव्हरांसाठी तारखा मागाव्यात. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलवावे आणि खरोखर डोळे तपासावेत, कागदावर नव्हेत. चाळिशी ओलांडलेल्या किती ड्रायव्हरांना चष्मा लागला आहे आणि तो त्यांनी कधी घातलेलाच नाही, हे त्या एका दिवसात बाहेर येईल. चष्म्याचे पैसे कारखान्याने द्यावेत. फीचा निम्मा भार कारखान्याने उचलावा आणि निम्मा वाहतूकदाराच्या कमिशनमधून हप्त्याने घ्यावा.

आणि शिक्षणाचे म्हणाल तर गारगोटीला शिक्षण नवे नाही. डॉ. जे. पी. नाईक यांनी ज्या गावात मौनी विद्यापीठ उभे केले आणि खेड्यातल्या पोराला हाताचे कौशल्य शिकवायचे स्वप्न पाहिले, त्या गावात महिनाभराचा ड्रायव्हरचा वर्ग भरवणे अवघड नसावे. त्यात ट्रॉलीचे ब्रेक, दोर बांधणी, उतारावरचा गिअर आणि रात्रीचा दिवा एवढे चार विषय जुन्या जाणत्या ड्रायव्हरांनीच शिकवावेत.

वार्षिक सभेत ही मागणी लेखी द्यायची असे आम्ही काही सभासदांनी ठरवले आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी आपापल्या गटात नाव सांगावे. पण सभेची वाट न पाहता ज्याला जमेल त्याने कामाला लागावे, कारण वेळेचा हिशोब असा आहे: ज्या ड्रायव्हरचे साधे लायसन वर्षाचे झाले आहे आणि वय वीस पुरे आहे, त्याने नागपंचमीच्या आसपास शिकाऊ लायसन काढले, तर ड्रायव्हिंग स्कूलचा महिना आणि कायद्याचे तीस दिवस गणपतीपर्यंत पुरे होतात, आणि मोळी टाकायच्या आधी चाचणी होऊन जाते. दसऱ्यानंतर जागा होणाऱ्याचा नंबर हंगाम निम्मा झाल्यावर लागेल. जाताना आधार कार्ड, जुने लायसन, डॉक्टरच्या सहीचा दाखला आणि फोटो बरोबर न्यावेत, आणि ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला चाचणीच्या दिवशी विसरू नये.